कानशींचे खिसे

आमच्या घराच्या मागच्या अंगाला, न्हाणीघर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या जागेत एक पत्र्याचं शेड आहे. आमचे हे त्याला वर्कशॉप म्हणतात. मी बरीच वर्षं त्याला भंगारखाना म्हणत होते. ते त्यांना लागायचं, म्हणून मुद्दामच म्हणत होते. चिंचोळीला एमआयडीसीत फिटर म्हणून अख्खी नोकरी काढलेला माणूस रिटायर झाल्यावर जरा घरात टेकेल, मंडईतून भाजी आणेल, माझ्यासमोर बसून शेंगा सोलेल, अशी माझी भोळी कल्पना होती. ह्यांनी आधी ते शेड ठोकलं, मग कुठून तरी एक जुना छोटा लेथ आणला, आणि शेंगा मी एकटीच सोलत बसले.

शेडात सामान ठेवायची सोय म्हणाल तर काहीच नव्हती. मुलाचं शाळेतलं अभ्यासाचं टेबल होतं, त्यावर काम घट्ट धरून ठेवायचा व्हाइस बसवलेला. कानशीनं लोखंड घासायला लागले की ते टेबल असं डुगडुगायचं, की मला स्वयंपाकघरात भांडी वाजल्यासारखं वाटायचं. माझ्या रुखवतातली पत्र्याची ट्रंक पान्यांनी भरलेली. तेलाचे डबे कापून त्यांत छिन्न्या आणि पंच उभे केलेले. कानशी टेबलावरच पसरलेल्या, पकडी खिडकीत, हातोडे पायाशी. मी कधी आत गेले तर साडी सावरत जायची आणि तोंड सोडत बाहेर यायची.

पण गल्लीतलं कुणाचंही काही मोडलं की त्याची वाट ह्या शेडाकडं यायची. कुणाच्या दाराची कडी, कुणाच्या पाळण्याचा आकडा, कुणाची बिजागरी. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. माझ्या मशीनचा कापड दाबणारा पाय वाकला तेव्हा ह्यांनी तो असा घासून सरळ करून दिला, की नवा आणला असता तरी इतका बरा चालला नसता. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठवडाभर ऐकवलं असतं.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं देवापुढं मांडतात. सुरी, अडकित्ता, माझी कात्री आणि ह्यांची झाडून सगळी अवजारं. धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहायची आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांना तेवढीच विश्रांती. विळीला मात्र स्वयंपाकापुरती सवलत असते, नाहीतर सणाला उपाशी बसायची वेळ यायची.

दरवर्षी पूजा झाल्यावर हे स्वतःच्या हातानं सगळं शेडात परत नेऊन टाकायचे. त्या वर्षी दसऱ्याला संध्याकाळी हे सोनं द्यायला भावकीत गेले आणि मला हुक्की आली. म्हटलं, आज ह्या भंगारखान्याचं रूप पालटू. झाडलोट केली. भिंतीला ओळीनं खिळे मारले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत पाने टांगले. कानशी पुसून ट्रंकेत आडव्या रचल्या. पकडी डब्यात, हातोडे खिळ्यावर. टेबल पुसून लख्ख. दारात उभी राहून बघितलं तर माझंच मला कौतुक वाटलं. मग देवापुढची माझी कात्री उचलली आणि जिथल्या तिथं, मशीनच्या उजव्या अंगाला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडातून आवाज आला.

"हितल्या सामानाला कुणी हात लावला?"

मी पीठ मळत होते, तशीच गेले. "मी लावला. का? लक्ष्मी आल्यासारखं दिसतंय की नाही आता?"

"तुला कुणी सांगितलंवतं? कुटं काय ठेवलंयस काय कळंना झालंय."

"समोर भिंतीवर टांगलंय सगळं! डोळे हायत का काय?"

हे वाक्य मी रागात म्हटलं. घरोघरी म्हणतात तसंच. पण ह्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते पाना शोधत होते. पाना माझ्याच हातून टेबलावर राहिला होता, त्यांच्या डाव्या कोपराशेजारी. त्यांचा हात टेबलावरून फिरत होता. पुढं गेला, मागं आला, पान्याच्या जवळून गेला. नुसती मान जरा वळवली असती तरी दिसला असता, असं मला वाटत होतं. त्यांनी मान वळवलीसुद्धा, पण पुरती पान्यासमोर येईपर्यंत त्यांना तो दिसला नाही. माझे पिठाचे हात तसेच राहिले.

मग एकेक आठवायला लागलं. जेवताना तांब्या लवंडायचा आणि मी म्हणायचे, धांदरटपणा वाढलाय. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. स्कूटर सहा महिने अंगणात धूळ खात होती आणि विचारलं की गुडघ्याचं कारण सांगायचे. पेपर मात्र चष्मा लावून नीट वाचायचे, सुईत दोरासुद्धा ओवून द्यायचे. त्यामुळं डोळ्यांचा संशय यावा तरी कसा?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की काचबिंदू आहे. कडेचं दिसणं बरंच गेलंय, मधलं शाबूत आहे. गेलेलं परत येत नाही. थेंब चुकवू नका, म्हणजे उरलेलं टिकवायचा प्रयत्न करता येईल. हे मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "मला ठावं होतं काहीतरी बिनसलंय. पण समोरचं दिसत होतं की. बाकीचं हाताला ठावं होतं."

तेव्हा मला कळलं, की त्या पसाऱ्यात एकेक वस्तू कुठं असते हे त्यांच्या हाताला पाठ होतं. नजर व्हाइसमधल्या कामावर आणि हात डावीकडं गेला की भरड कानस, उजवीकडं गेला की बारीक. त्या पसाऱ्यावरच त्यांचं वर्कशॉप चाललं होतं, आणि मी ते एका संध्याकाळीत मोडून टाकलं होतं. माझ्या कात्रीला दुसऱ्या कुणी नुसतं सरकवलं तरी मी घर डोक्यावर घेते. पण आता हळहळून उपयोग नव्हता, कारण पुढचा प्रश्न त्याहून मोठा होता.

घरी आल्यावर ह्यांनी शेडाला कडी घातली. दिवस गेले, ती कडी उघडेना. पुण्याहून मुलाचा फोन आला. तो काळजीनंच बोलत होता. "आई, त्या लेथवर बोट-बिट गेलं म्हणजे? विकून टाका सगळं. बाबांनी आता आराम करावा." ह्यांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "बरं."

हे कधी कुणाला नुसतं बरं म्हणणारे नव्हेत. आता ते सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. समोर शेंगांची परडी ठेवली तर निमूट सोलायचे. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर घडत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. शेडाबाहेर हा माणूस दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

शेवटी मीच विषय काढला. "लेथ विकायचा तर विका. फिरतं यंत्र नकोच. पण कानशी, हातोडे कशाला विकायचे? एक धड टेबल करा. प्रत्येक वस्तूला घर करा. हाताला सापडलं की झालं."

"आन् उद्या मधलंबी दिसायचं बंद झालं तर? मग काय करू टेबल घिऊन?"

"मग अंधारात करा!" मी ओरडले. मला एवढं ओरडायचं नव्हतं. "मी शिवताना कात्रीकडं बघते व्हय? हात जातोय आन् कात्री येतीय. माझ्या मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठाय हे मी डोळ्यांनी बघते व्हय?"

हे कानडीत पुटपुटले, "इरली." असू दे, बघू, अशा अर्थाचं. माझं माहेर करमाळ्याचं, ह्यांचं घर अक्कलकोटकडचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा कळलेला कानडी शब्द हाच होता. ह्या घरात इरली म्हटलं की काम होतं, हे मला ठाऊक होतं.

लेथ चिंचोळीचाच एकजण टेम्पो आणून घेऊन गेला. नेताना ह्यांनी त्याच्या बैठकीवरून तळहात फिरवला आणि घेणाऱ्याला तेल कुठं कुठं सोडायचं ते दोनदा सांगितलं. टेम्पो वळल्यावरही गेटपाशी उभे होते. मी हाक मारली नाही.

लेथच्या जागेवर टेबल करायचं ठरलं. शेजारी आमच्या आधीपासून राहणारा एक विणकर आहे, घरात तेलुगू बोलणारा, ह्यांना अन्ना म्हणतो. त्याच्याकडचा हातमाग मोडून माळ्यावर पडला होता. त्यानं मागाच्या जाड फळ्या स्वतः खांद्यावरून आणून दिल्या. "अन्ना, ह्ये मागाचं लाकूड हाय. हितनं पुढं तुमच्या हाताखाली ऱ्हाऊ द्या." लोखंडी अँगल भोकं पाडून आणले आणि नटबोल्टनं सांगाडा जोडला. हे मधोमध बसून बोल्ट आवळायचे, विणकरदादा टेबलाचे पाय धरायचे आणि मी चहा करता करता सूचना करायचे. त्या कुणी ऐकत नव्हतं.

टेबलाच्या उंचीवरून पहिला वाद. मी ओट्याच्या मापानं म्हणत होते. हे म्हणाले, फिटरचं माप वेगळं असतं. ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीला लावायची आणि कोपर व्हाइसच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. त्यांनी मूठ हनुवटीला लावून दाखवली. फार दिवसांनी ते कुणाला तरी काहीतरी शिकवत होते आणि त्यांचा चेहरा पहिल्यासारखा झाला होता. मीही हनुवटीला मूठ लावून बघितली. माझं कोपर व्हाइसच्या माथ्याच्या खालीच राहिलं. "तुला फळीवर उभी करावी लागतीया," म्हणाले आणि विणकरदादांसकट सगळे हसले. भिंतीकडची सोडून टेबलाच्या तिन्ही बाजूंना बोटभर उंच कड मारली. ठेवलेलं काही घरंगळून पायाशी जायला नको, कारण पायाशी गेलेलं ह्यांना शोधता येत नव्हतं.

पान्यांसाठी मी माझी स्टीलची मांडणी दिली. सहज दिली असं म्हणणार नाही, दोन दिवस मनात घोळवलं. पण ताटांच्या खाचांत पाने असे बसले, की जणू त्यांच्यासाठीच केल्या होत्या. मोठा वर, लहान खाली. माझी ताटं टोपलीत गेली. जुना मिसळणाचा डबाही गेला. त्याच्या वाट्यांत ड्रिलचे बिट आणि आटे पाडायचे टॅप. मांडणीच्या खणांच्या तोंडावर ह्यांनी कानशीनं खाचा पाडल्या. अंगठा फिरवला की कळावं कोणता खण ते. फिरवताना तोंडानं मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु." आकडे त्यांना आजही कानडीतच येतात.

कानशींचं मात्र जमेना. कानशी एकमेकींना लागल्या तर दात बोथटतात, म्हणून प्रत्येकीला वेगळी जागा हवी. म्हटलं, हे माझं काम. दप्तराच्या जाड कापडाची लांब पट्टी घेतली, तिला ओळीनं खिसे शिवले, दुहेरी शिवण मारली आणि टेबलाच्या पुढच्या कडेला ताणून बसवली. प्रत्येक खिशात एक कानस, मूठ वर. भरड डावीकडं, बारीक उजवीकडं. मी इतकी खूश झाले, की विणकरदादांच्या बायकोला बोलावून दाखवलं.

आठवड्याभरात सगळ्या खिशांच्या तळाशी लोखंडाचा कीस साठला. ह्यांनी खिसा चाचपला आणि बोटात कुसळ घुसलं. मी पट्टी काढली, झटकली, धुतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती पट्टी मी रागानं अंगणात भिरकावली. "शाळेच्या पोराच्या चड्डीला खिसा शिवतेस तसा शिवलायस की," हे म्हणाले. "खिशाला बूड कशाला पायजे? कानस मुठीवर अडकती. खालनं कीस पडू दे." मी पट्टी उचलून आणली आणि सगळ्या खिशांची बुडं कात्रीनं उडवली. तळाला कापड उसवू नये म्हणून जाड दोऱ्यानं काठ मारला. त्यानंतर खिशांनी आजतागायत त्रास दिलेला नाही. माझ्या हातून शिवलेल्या कपड्यांत एवढं चाललेलं दुसरं काही नसेल.

उन्हाळ्यात मुलगा आला. शेडाच्या दारात उभा राहून बापाचा हात खिशांवरून फिरताना बघत राहिला. विकून टाका हे पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन मोठ्या ट्यूब आणून त्यानं टेबलाच्या बरोबर वर बसवल्या. शेडात असा उजेड पडला, की माझे डोळे दिपले. हे वर बघून म्हणाले, "लई झ्याक झालं रं." मुलगा खूश होऊन पुण्याला गेला.

बघता बघता पुन्हा नवरात्र आलं. अष्टमीच्या दुपारी मी सांगून टाकलं, की उद्या शेडातलं काहीच देवघरात आणायचं नाही. देवीचं ताट मी शेडात नेईन आणि जिथल्या तिथं एकेका हत्याराला हळदीकुंकू लावीन.

"देवीला हत्याराकडं न्यायचं? उलटंच की तुझं," हे म्हणाले.

"तिला पाय हायत. येईल ती."

हे हसले आणि शेडात गेले. मोडक्या करवतीच्या पात्याचं माझ्यासाठी उलथनं करत होते. माझ्या जुन्या उलथन्यानं भाकरी फाटत होती. उद्या हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून आजच पुरं करायचं होतं. दिवेलागणीला मी देवापाशी समई लावली आणि तेवढ्यात लाइट गेली. गल्लीत पोरांचा नेहमीसारखा गलका झाला. पंखा थांबला आणि मागून कानशीचा आवाज ऐकू आला. घस्स, घस्स. एका लयीत. तो थांबेल म्हणून मी कान दिला. थांबला नाही.

टॉर्च घेऊन मागं गेले. पत्र्याच्या शेडात काळोख होता. टॉर्च जमिनीवर धरून दारात उभी राहिले. ह्यांनी हातातली भरड कानस खिशात सोडली. हात उजवीकडं गेला, दोन मुठी ओलांडून तिसऱ्या मुठीवर थांबला आणि बारीक कानस घेऊन परत आला. कुठं चाचपलं नाही. पुन्हा घस्स, घस्स.

"अहो, लाइट गेलीय," मी म्हटलं.

कानस थांबली. "कधी?"

मुलानं बसवलेल्या त्या दोन ट्यूब त्यांच्या डोक्यावर होत्या आणि त्या विझलेल्या त्यांना कळलं नव्हतं. मला रडू फुटलं. दुःखानं फुटलं, आणि त्यातच तो हात बघून मला इतका अभिमान वाटत होता, की दोन्ही एकदमच आलं.

त्यांना माझं रडणं ऐकू आलं. "आठवडा झाला," ते हळू म्हणाले. "सांज झाली की उजेड-अंधार सारखाच वाटायलाय. उद्याच्याला पूजा झाल्यावर सांगणार होतो. म्हटलं, आधी उलथनं पुरं होऊ दे. डॉक्टरीणबाईकडं जाऊ परवा." मग जरा थांबून म्हणाले, "अंधारात करा, असं तूच म्हणलीवतीस की."

मी नाक ओढत जवळ गेले. त्यांनी व्हाइस सैल केला, उलथनं काढलं, पदराला पुसायला माझ्याकडं दिलं.

"कड बघ. भाकरीला लागायची न्हाय न्हवं?"

मी टॉर्च बंद केला आणि उलथन्याच्या कडेवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंच लागत नव्हतं.